‘नंबर बदललेला नाही’ असे सांगण्याची मुभा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार वि. वि.

सैन्यातून निवृत्त झालेल्यांच्या दुसऱ्या कारकिर्दीची चर्चा बहुधा सुरक्षाव्यवस्था आणि प्रशासन यांपाशीच थांबते. उमेदीची वर्षे सैन्याच्या नेत्रविभागात घालवून नंतर स्वतःचे ऑप्टोमेट्री केंद्र (डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढून देणारे केंद्र) उभारणाऱ्यांपैकी मी एक आहे. या वाटेवर भांडवल आणि परवाना यांच्या अडचणी येतातच. पण ज्या अडचणीविषयी कोणी आधी सावध करत नाही, ती वेगळीच आहे.

गणवेशात असताना मी लिहून दिलेल्या चष्म्यातून मला काहीही मिळत नव्हते. समोरच्या सैनिकाला ‘तुमचा नंबर बदललेला नाही, आहे तोच चष्मा वापरा’ असे सांगितले काय किंवा नवा चष्मा लिहून दिला काय, पगार तेवढाच. स्वतःच्या केंद्रात हेच वाक्य उच्चारले की त्या तपासणीची बहुतेक कमाई बुडते. उत्पन्न चष्म्यांच्या विक्रीवरच अवलंबून असेल, तर पाव डायॉप्टरचा (डायॉप्टर म्हणजे चष्म्याच्या नंबरचे एकक) फरकही मोठा वाटू लागतो. वास्तविक एकाच माणसाचे डोळे एकाच आठवड्यात दोनदा तपासले तरी एवढा फरक पडू शकतो. म्हणून मी पहिल्या दिवसापासून तपासणीचे शुल्क वेगळे ठेवले, चष्मा घेतला किंवा न घेतला तरी ते सारखेच राहील असे ठरवले, आणि दोन बाहुल्यांमधील अंतरासह पूर्ण नंबर लिहून प्रत्येकाच्या हातात देऊ लागलो. चष्म्याबरोबर तपासणी फुकट मिळते अशी सवय असलेले लोक सुरुवातीला बिचकले, काही परतही गेले. त्या ओढाताणीच्या काळात निवृत्तिवेतनाने मला तारले. त्या पैशातून मी उपकरणांपेक्षाही ‘नको’ म्हणण्याची मुभा विकत घेतली, असे मला वाटते. ज्यांच्या पाठीशी असे वेतन नसते, त्यांना हा आग्रह धरणे किती कठीण जात असेल, याचीही मला जाणीव आहे.

सेवेने दिलेल्या शिस्तीबद्दल मी कृतज्ञ असलो, तरी तिने माझ्या नजरेला एक मर्यादाही घातली होती. सैन्यात समोर येतात ते मुळात निवडलेले, बहुतांशी तरुण डोळे, आणि विचारायचा प्रश्न एकच: हा डोळा या कामास योग्य आहे की नाही? बाहेर प्रश्न उलटा होतो. या माणसाचे काम काय, आणि त्यासाठी त्याला कोणत्या अंतरावर स्पष्ट दिसायला हवे? चाळिशी लागलेल्या शिंप्याला आणि त्याच वयाच्या वादकाला जवळचा एकच नंबर देऊन चालत नाही, कारण सुई आणि स्वरलिपी वेगवेगळ्या अंतरावर असतात. शिवाय तक्त्यावर 6/6, म्हणजे सामान्य नजरेइतके, दिसले की तपासणी संपली, ही सवय मोडावी लागते. काचबिंदू कडेची नजर हळूहळू खात असताना समोरचा तक्ता मात्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचता येऊ शकतो. लहान मुलांचा आळशी डोळा (लहानपणी नीट वापरला न गेल्याने कमी दिसणारा डोळा) तर मी सेवेत कधी पाहिलाच नव्हता. म्हणून केंद्र उघडण्याआधी दीड वर्ष एका नेत्ररुग्णालयात कनिष्ठ म्हणून काम केले. त्या वयात ‘हे मला येत नाही’ असे म्हणणे सोपे नव्हते, पण डोळ्यांसमोर अचानक ठिपके आणि चमका दिसू लागलेल्या माणसाला त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे पाठवायचे असते, हे अंगवळणी पडले ते तिथेच.

उपकरणांविषयी थोडेसेच. नवोदितांचा ओढा नंबर काढणाऱ्या स्वयंचलित यंत्राकडे असतो. मी मात्र आधी चांगला रेटिनोस्कोप (डोळ्यात प्रकाश टाकून, परतणाऱ्या प्रकाशावरून नंबर काढण्याचे हातातले साधन), ट्रायल सेट (तपासणीच्या सुट्या भिंगांची पेटी) आणि स्लिट लॅम्प (डोळा मोठा करून पाहण्याचा सूक्ष्मदर्शक) घेतला. यंत्रात डोकावताना तरुण डोळा आपसूक जवळचे पाहू लागतो आणि उणे नंबर वाजवीपेक्षा जास्त येऊ शकतो. उत्तर देऊ न शकणाऱ्या मुलाचा नंबरही रेटिनोस्कोपने काढता येतो. (ही पद्धत 1873 मध्ये मांडणारे क्युइन्ये हे फ्रेंच सैन्यातील नेत्रवैद्य होते, आणि रंगांधळेपणा तपासण्याचे ठिपक्यांचे तक्ते करणारे इशिहारा हे जपानी सैन्यातील. आमच्या पेशाचे गणवेशाशी असलेले नाते तसे जुनेच आहे.)

निवृत्तांसाठीच्या पुनर्वसन अभ्यासक्रमांत हिशेब, कर्ज आणि जाहिरात शिकवली जाते, ते योग्यच आहे. नेत्रविभागातून बाहेर पडणाऱ्यांसाठी त्यांत किमान एक वर्ष मुले आणि वृद्ध रुग्ण पाहण्याचे काम बंधनकारक करावे, आणि तपासणीचे शुल्क विक्रीपासून वेगळे ठेवून केंद्राचे अंदाजपत्रक कसे मांडायचे, हेही शिकवावे, अशी संबंधितांना आपल्या पत्रातून विनंती आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त सैनिक व ऑप्टोमेट्रिस्ट