बंब बाहेर, धूर घरात

चि. निखिल,

अनेक आशीर्वाद.

घराचा नकाशा पाहिला. स्वयंपाकघर छान मोकळं झालंय, ओट्यावरची चिमणीही जिथे हवी तिथे आहे. पण मागच्या दाराशी, न्हाणीघराच्या भिंतीला लागून तू एक चौकोन काढलायस आणि त्यात 'बंब' लिहिलंयस, म्हणजे जळणावर पाणी तापवायचा आपला तांब्याचा बंब, तिथे मी अडले. फोनवर विचारलं तर म्हणालास, "आई, तो बाहेरच आहे की. धूर बाहेरच्या बाहेर जाईल. आजीला त्याच पाण्याची सवय आहे. शिवाय बांधकामाचं एवढं लाकूड पडलंय, ते तरी संपेल." तुझ्याशी फोनवर वाद घालायचा म्हटलं की तू मध्येच 'बरं बरं' म्हणून मोकळा होतोस. म्हणून हे पत्र. शांतपणे वाच.

आधी बंबात काय जातं ते बघ. चुलीत जळण घालताना माणूस जरा विचार करतो, कारण वर अन्न शिजत असतं. बंबाला तेवढीही भीड नाही. पाणी तांब्याच्या बंद पोटात, धुराचा वास त्याला लागत नाही. त्यामुळे घरातलं नको असलेलं सगळं मधल्या नळकांड्यात जातं: ओला पालापाचोळा, पुठ्ठे, प्लास्टिकच्या पिशव्या, तुटकी चप्पल, फाटकं रेक्झिन. आणि आता तुझे प्लायवूडचे तुकडे. प्लायवूड म्हणजे नुसतं लाकूड नव्हे, त्यात चिकटवायचं रसायन असतं, वर पॉलिश किंवा रंग असतो. रंग जुना असेल तर त्यात शिसंही असू शकतं. रेक्झिनसारख्या वस्तूंतलं पीव्हीसी नावाचं प्लास्टिक जळलं की हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सुटते आणि डायॉक्सिन नावाची विषारी रसायनं तयार होतात. हे डायॉक्सिन शरीरातल्या चरबीत वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतात. पाणी तापवताना कचराही मार्गी लागला, असं आपल्याला वाटतं. तो फुप्फुसांमार्गे लागतो, एवढंच.

नुसतं सुकं लाकूड घातलं तरी बंब चुलीपेक्षा जास्त धुमसतो, यालाही कारण आहे. सकाळी आतलं पाणी गार असतं, त्यामुळे नळकांड्याची भिंतही गार. ज्वाला त्या गार धातूला टेकते आणि पुरतं जळण्याआधीच थंडावते. न जळलेला कार्बन काजळी होऊन आत बसतो, उरलेला धूर होऊन वर जातो. त्यात कोणी घाईने नळकांडं कोंबून भरलं की खालून हवा मिळत नाही, आणि मग तो दाट पिवळट धूर निघतो, ज्याने डोळ्यांतून पाणी येतं.

आता तुझं 'बाहेरच्या बाहेर'. बंब पेटतो पहाटे. त्या वेळी, विशेषतः थंडीत, जमिनीलगतची हवा गार आणि जड असते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर असतो. धूर वर चढून विरत नाही, अंगणातच लोळतो. तिथून न्हाणीघराची खिडकी हाताच्या अंतरावर आणि तुझ्या नकाशात मुलांच्या खोलीची खिडकी त्याच भिंतीत. (ती खिडकी तिथे कोणी सुचवली?) या धुरातले जे कण घातक, ते अडीच मायक्रॉनपेक्षा लहान, म्हणजे केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्शाहूनही बारीक. डोळ्यांना धूर दिसायचा बंद झाला तरी ते हवेत असतात, फटीतून आत येतात आणि थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये या कणांची वार्षिक मर्यादा घनमीटरला 5 मायक्रोग्रॅमवर आणली. धुमसत्या बंबाशेजारी उभा राहणारा माणूस त्याच्या कितीतरी पट कण श्वासात घेतो.

तू म्हणशील, वीज वापरली तरी कुठेतरी कोळसा जळतोच. बरोबर आहे, तो प्रश्न मी टाळत नाही. पण धूर कुठे सुटतो याला फार महत्त्व आहे. कर्क स्मिथ म्हणून अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात शास्त्रज्ञ होते, 2020 मध्ये वारले. त्यांनी उभं आयुष्य घरगुती धुराच्या अभ्यासात घालवलं. त्यांचा एक ढोबळ नियम आहे: घरात सुटलेला धूर माणसाच्या श्वासात जाण्याची शक्यता बाहेर सुटलेल्या तेवढ्याच धुराच्या साधारण हजारपट असते. आपला बंब नावाला बाहेर, त्याचा धूर खिडकीतून घरातच येतो. वीजकेंद्राची चिमणी उंच असते, वस्तीपासून लांब असते. त्यामुळे तिथला धूर निर्दोष ठरत नाही, पण खिडकीखाली पेटवलेल्या बंबाशी त्याची बरोबरीही होत नाही.

आणि एक गोष्ट मला नेहमी खटकते. घरगुती धुरामुळे 2020 मध्ये जगात सुमारे 32 लाख माणसं अकाली गेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. मुलांचा न्यूमोनिया, हृदयविकार, पक्षाघात, फुप्फुसांचे जुनाट विकार असं सगळं त्यात येतं. पण हा अंदाज मुख्यतः घरात स्वयंपाक कशावर होतो त्यावरून बांधतात. आपल्या ओट्यावर गॅस, म्हणजे त्या हिशेबात आपलं घर स्वच्छ. मागच्या दाराचा बंब कुठल्याच रकान्यात नाही. कित्येक घरांत हेच झालंय: स्वयंपाकाला गॅस आला आणि जळण न्हाणीघराकडे सरकलं.

मी इतकी वर्षं विज्ञान शिकवलं, तेव्हा गणित करायचा मोह आवरत नाही. चार माणसांचं मिळून 100 लिटर पाणी, 20 अंशांवरून 45 अंशांवर न्यायचं. त्याला 2500 किलोकॅलरी लागतात, म्हणजे विजेच्या भाषेत जवळजवळ 3 युनिट. सुक्या लाकडात किलोमागे साधारण 4 युनिटांइतकी उष्णता असते. त्यातला पाचवा हिस्सा पाण्यात उतरला असं धरलं, तर रोज साडेतीन किलो लाकूड हवं. वर्षाला टनाच्या वर झालं! तुझा बांधकामाचा ढीग किती दिवस पुरेल ते तूच काढ. पुढे सरपण कोण फोडणार, ओलं झालं की कोण वाळवणार, पहाटे कोण फुंकणार, तेही त्याच कागदावर लिही. आजवर हे काम कोणी केलं ते तुला ठाऊक आहे, आणि तेवढा वेळ धुरात तोंड घालून तीच बसली होती.

बंबाऐवजी काय, याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: गच्चीवर सोलर, म्हणजे उन्हावर पाणी तापवायचा बंब, बसव आणि ढगाळ दिवसांसाठी त्याला विजेची जोड दे. 'नवं तंत्र आहे, टिकेल का' हे म्हणू नकोस. अमेरिकेत बाल्टिमोरच्या क्लॅरन्स केम्प यांनी 1891 मध्येच सौर बंबाचं पेटंट घेतलं होतं. त्यात टाकीच उन्हात ठेवलेली असे, त्यामुळे रात्रीत पाणी निवायचं. 1909 मध्ये विल्यम बेली यांनी तापवायचा भाग आणि साठवायची टाकी वेगळी केली आणि टाकीभोवती उष्णतारोधक आवरण घातलं. आजचा सोलर त्याच कल्पनेवर चालतो. टाकी वर, नळ्या खाली. तापलेलं पाणी हलकं होऊन आपोआप वर चढतं, गार पाणी खाली उतरतं, पंप लागत नाही. इस्रायलने 1980 मध्ये नव्या घरांना सोलर सक्तीचा केला आणि तिथल्या बहुतेक घरांचं पाणी उन्हावर तापतं.

दोन प्रकार मिळतील. एकात काचेखाली तांब्याच्या नळ्या आणि काळा पत्रा, दुसऱ्यात दुहेरी काचेच्या नळ्या आणि दोन काचांमध्ये निर्वात पोकळी. तुमच्याकडचं पाणी जड असेल, बादलीला पांढरे डाग पडत असतील, तर तांब्याच्या बारीक नळ्यांत क्षार धरतात आणि काही वर्षांत पाणी फिरेनासं होतं. अशा ठिकाणी काचेच्या नळ्या सोयीच्या, कारण त्यांचा व्यास मोठा असतो आणि साफ करता येतात. मात्र भरउन्हात रिकाम्या तापलेल्या नळीत गार पाणी सोडू नये, काच तडकते. 100 लिटरला साधारण दोन चौरस मीटर उन्हाची जागा धर, आणि सावली कुठून येते ते हिवाळ्यात बघ. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा सगळीच गच्ची उन्हात दिसते.

गच्चीवर ऊन पुरेसं नसेल तर हीट पंप. उलट्या कामाला लावलेला फ्रिजच म्हण: बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडतो. विजेने उष्णता तयार करायची नसून फक्त हलवायची असल्यामुळे 3 युनिटांचं काम एका युनिटाच्या आसपास होतं. तो सावकाश तापवतो, थोडा घोंघावतो आणि त्यातून थेंब थेंब पाणी गळतं, म्हणून मोकळ्या हवेत बसवावा लागतो. साधा विजेचा गीझर वीज जास्त खातो, पण बंबापेक्षा हजार वाटांनी बरा. बादलीत सोडायचा हीटर मात्र घरात आणू नकोस. मुलं आहेत, ओले हात आहेत, पुढे सांगायला नको.

गॅस गीझरबद्दल विचारलं होतंस. धुराच्या बाबतीत तो बंबापेक्षा कितीतरी स्वच्छ, आणि वरच्या हिशेबाचं पाणी पाव किलोहून थोड्या जास्त गॅसवर तापतं. पण तो न्हाणीघराच्या आत बसवणार असशील तर माझा ठाम नकार आहे. लहान खोली, दार लावलेलं, थंडी म्हणून खिडकीही बंद. ज्वाला त्याच खोलीतला ऑक्सिजन खाते, तो कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, पाय लुळे पडतात, आणि दार उघडावं हे सुचेपर्यंत उठायचं बळ उरत नाही. एक्झॉस्ट पंखा आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस. आत हवा यायला वाट नसेल तर तोच पंखा जळका वायू खोलीत परत ओढू शकतो. गॅसच घ्यायचा झाला तर गीझर बाहेरच्या उघड्या भिंतीवर, आणि आत फक्त गरम पाण्याचा नळ. ज्योत निळीची पिवळी दिसू लागली की त्याच दिवशी बंद करायचा आणि माणूस बोलवायचा.

राहिला आजीचा प्रश्न. त्यांना कढत पाणी लागतं, विसण घालून अंगावर घेतलं की बरं वाटतं, हे मला तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. सोलरचं पाणी चांगल्या उन्हात 60 अंशांपर्यंत सहज जातं, विसण घातल्याशिवाय हात घालवणार नाही. त्यांचा खरा राग वेगळा आहे: नळ सोडल्यावर आधी बादलीभर गार पाणी वाया जातं. तो राग रास्तच आहे. अर्ध्या इंची पाइप 10 मीटर लांब असली तर तिच्यात पावणेदोन लिटरच्या आसपास गार पाणी बसलेलं असतं. बादली भरत नाही, पण उघड्यावरच्या पाइपमध्ये तापलेलं पाणीही निवतं, त्यामुळे वाट आणखी लांबते. म्हणून टाकी न्हाणीघराच्या बरोबर वर घे आणि पाइपला आवरण घाल. एवढं केलंस तर त्या बंबाचं नाव काढणार नाहीत.

आणि 'दोन्ही ठेवू, लागेल तेव्हा पेटवू' हा तुझा मधला मार्ग मला मान्य नाही. धूर निम्मा केला म्हणून त्रास निम्मा होत नाही. कमी धुरातच आजाराचा धोका झपाट्याने चढतो आणि जास्त धुरात तो आधीच वर जाऊन बसलेला असतो, त्यामुळे थोडं कमी करून फारसा फरक पडत नाही. बंब दारात उभा असला की कोणीतरी तो पेटवणारच, निदान कचरा जाळायला तरी.

तांब्याचा आहे, मोडीत घालू नकोस. घासून पुढच्या खोलीत ठेव, मुलांना दाखवायला होईल. आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग करायच्या आधी प्लंबरला सांगून गरम आणि गार अशा दोन्ही पाइप वर नेऊन ठेव, टाकीच्या पायाचे चार खांबही आत्ताच घालून घे. एकदा वॉटरप्रूफिंग झालं की तो गच्ची फोडायला मागेल आणि मग पहिल्या पावसात छत गळालं म्हणून तू मलाच फोन करशील.

ती खिडकीही हलव.

तुझी,
आई