ते सातजण होते

सातारा
बुधवार, रात्री

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

काल तू खिडकीशी बसलास आणि गाडी हलेपर्यंत मोबाइलमधून डोकं वर काढलं नाहीस. मी हात केला, तो दिसला की नाही कुणास ठाऊक. घरी आल्यावर आईने डब्याचं विचारलं. डबा माझ्याच पिशवीत राहिला होता.

नोकरी सोडलीस त्यावर पुन्हा बोलायचं नाही असं ठरवून लिहायला बसलोय. "भुतांचे मुखवटे करून कुणाचं पोट भरलंय" असं मी बोलायला नको होतं. तेही तुला. तुला पिक्चरमधला तो सैतान सामरी दाखवला कुणी? मीच ना.

रामसे बंधूंचा भुताचा पिक्चर 'पुराना मंदिर' आला 1984 साली. मी नि दादा तिसऱ्यांदा बघायला गेलो, शेवटच्या खेळाला. सामरीचं मुंडकं पेटीत बंद, धड भलतीकडेच, आणि पेटी उघडणार हे आख्ख्या टॉकीजला ठाऊक. तरी झाकणाला हात लागला की पुढच्या रांगेतले पाय वर घ्यायचे. घरी येताना बोळात दिवे नव्हते. दादा म्हणाला, "तू पुढे हो." मी म्हटलं, "तूच हो." शेवटी एकमेकांचा हात धरून चाललो, एवढे घोडे झालेले. त्या भीतीइतकी मजा मला पुढे कशातच आली नाही. हिरवा-तांबडा उजेड, धूर, करकरणारं दार, आणि मध्येच ती जगदीपची शोलेची नक्कल. तुझ्याबरोबर सीडी लावायचो तेव्हा नक्कल आली की तू पुढे पळवायला सांगायचास. आई आतून ओरडायची, पोराला रात्री झोप लागायची नाही म्हणून. तू मात्र ढाराढूर झोपायचास. मलाच उठून मधल्या खोलीची कडी बघावी लागायची.

आणि तू पहिला मुखवटा केलास तेव्हा आठ वर्षांचा होतास. कागदाचा लगदा, त्यात माईची कणीक, डोळ्यांना कुंकू कालवून लाल रंग. त्याला मुंग्या लागल्या, तर रडलास. काल चहा पिताना तुझ्या नखांच्या कडेला वाळलेलं रबर पाहिलं, साल निघावी तसं सुटत होतं. विचारणार होतो, हे हाताला बाधत नाही ना? बोललो भलतंच.

माझ्या मनातलं सांगतो, रागावू नकोस. रामसे बंधू म्हणून तू ज्यांचं उदाहरण देतोस, ते सातजण होते. तुलसी आणि श्याम दिग्दर्शन करायचे, गंगू कॅमेऱ्यामागे, किरण आवाज बघायचा, कुमार लिहायचा. 'दो गज़ ज़मीन के नीचे' करायला सगळं घरदार आपल्या महाबळेश्वरला आलं होतं, घरातल्या बायका युनिटचा स्वयंपाक करायच्या. पिक्चर पडला असता तर सात भाऊ एका ताटात जेवले असते. तू एकटा आहेस, निखिल. मुंबईत ताप आला तर पाणी कोण देणार? काम मिळालं नाही तर कुणाजवळ बोलशील?

हे बघ, परत व्याख्यान सुरू झालं. माफ कर. महिन्याला थोडे तरी बाजूला टाकत जा, एवढंच म्हणतो. आणि रात्री जागून काम करू नकोस. असो, थांबतो.

काल तू गेल्यावर एक गोष्ट डोक्यात घोळत राहिली, ती मीच तुला कितीदा सांगितलीय. 1970 साली रामसे बंधूंच्या वडिलांचा पिक्चर पडला. पैसे बुडाले. पण पोरांनी थिएटरात बसून पाहिलं की पृथ्वीराज कपूर मुखवटा घालून चोरीला येतात, तेवढ्या प्रसंगाला लोक जागचे हलत नाहीत. मग ती पोरं वडिलांना म्हणाली, आपण पूर्ण भुताचाच पिक्चर करू. फत्तेचंद रामसेंनी नुकतेच पैसे घालवलेले, कराचीतून सगळं सोडून आलेला माणूस. तरी ते हो म्हणाले. दर वेळी मी तुला ही गोष्ट सांगताना पोरांच्या हुशारीचं कौतुक करत आलो. त्या बापाकडे माझं लक्षच गेलं नाही.

2018 ला तुलसी गेले, पुढच्या वर्षी श्याम. दोन्ही वेळेला तू ऑफिसातून फोन केलास, आणि मी सामानाच्या रांगेत उभा राहून तुझ्याशी अर्धा तास बोललो. तेव्हाच मला कळायला हवं होतं की तुझा जीव त्या ऑफिसात नाही. सामरी झालेला अजय अगरवाल शिकलेला इंजिनिअर होता, हे तू काल सांगत होतास आणि मी मध्येच तोडलं. मला ते माहीत आहे. तूही इंजिनिअर आहेस, आणि तुझ्या फोटोतला तो म्हातारीचा मुखवटा, ज्याच्या पापण्यांना एकेक केस लावलायस, तो मी दादाला दाखवला. दादा बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "ही बाई जिवंत आहे रे."

माळ्यावरचा कणकेचा सामरी मी पुसून ठेवलाय. एक कान तुटलाय. हवा असेल तर पुढच्या वेळी घेऊन जा, नाहीतर मीच घेऊन येतो.

तुझ्याबरोबर तिथे कामाला कोण कोण आहेत, त्यांची नावं कळव. दोघे-तिघे तरी असतील ना? रात्री जेवायला बरोबर बसता का? आई विचारतेय.

तुझे,
बाबा