कीड नाही, तरी दात झिजतात

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

तोंडात कीड नाही म्हणजे दात ठणठणीत, अशी माझी अनेक वर्षांची समजूत होती. काही महिन्यांपूर्वी एका दाढेत भरलेले जुने सिमेंट जिभेला वर आल्यासारखे लागू लागले, तेव्हा ते सुटले असावे असे समजून मी दंतवैद्यांकडे गेलो. सिमेंट जागच्या जागी होते. त्याच्या भोवतालची दाढच झिजून खाली गेली होती आणि कीड कुठेही नव्हती.

कीड लागते ती जिवाणूंनी साखरेपासून बनवलेल्या आम्लामुळे. ही झीज मात्र खाण्यापिण्यातल्या किंवा जठरातून वर येणाऱ्या आम्लामुळे थेट होते. एनॅमल, म्हणजे दाताचे बाहेरचे कवच, हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ असला, तरी तोंडातला सामू (पीएच; तो जितका कमी तितके आम्ल तीव्र) साधारण ५.५ च्या खाली गेला की त्यातली खनिजे विरघळू लागतात, आणि लिंबाचा रस किंवा बहुतेक शीतपेये यांचा सामू २ ते ३.५ च्या आसपास असतो. पेय बिनसाखरेचे असले म्हणून त्यातले आम्ल कमी होत नाही. मऊ पडलेला थर लाळेतल्या कॅल्शियम व फॉस्फेटमुळे काही अंशी पुन्हा कडक होतो. पण एनॅमल घडवणाऱ्या पेशी दात उगवल्यावर उरत नसल्याने, एकदा गेलेला थर पुन्हा तयार होत नाही.

म्हणूनच आंबट खाऊन दात आंबले की लगेच ब्रश हातात घेण्याची सवय मला सर्वांत घातक वाटते, कारण त्या वेळी आपण मऊ झालेले एनॅमलच घासून काढत असतो. आधी साध्या पाण्याने खळखळून चूळ भरावी आणि ब्रश अर्ध्या-एक तासाने, मऊ केसांचा व फ्लोराइडयुक्त पेस्ट लावून करावा. उलटीनंतरही हेच पाळावे. आंबट पेयाचा एकच पेला जेवणासोबत संपवणे आणि तोच तासभर घोट घोट पीत बसणे यांत फार अंतर आहे, कारण दुसऱ्या प्रकारात लाळेला सावरायला उसंतच मिळत नाही. झोपेत तर लाळ जवळजवळ थांबते.

झिजेच्या खुणा आरशात दिसतात, फक्त पाहायची नजर हवी. पटाशीच्या दातांच्या कडा काचेसारख्या पारदर्शक होतात, पृष्ठभाग गुळगुळीत होऊन खालचा पिवळसर थर डोकावतो, दाढांच्या टोकांवर वाटीसारखे बारीक खळगे पडतात. सणक बरीच उशिरा येते. वरच्या पुढच्या दातांची आतली बाजू झिजलेली आढळली, तर आम्लपित्ताचीही चौकशी व्हायला हवी.

झीज पुढे सरकते आहे का हे पुढील भेटीत ताडून पाहता यावे, म्हणून दंतवैद्यांनी माझ्या दातांची छायाचित्रे काढून ठेवली आहेत. अशी नोंद पाच वर्षांपूर्वीच व्हायला हवी होती, असे आता तीव्रतेने वाटते.

आपला,
एक नियमित वाचक