ताई, तो नऊ सेकंदांचा शॉट तसाच ठेवलाय

प्रिय ताई,

फिल्म पूर्ण झाली. ११ मिनिटं २० सेकंद. श्रेयनामावलीत 'विशेष आभार'खाली तुमचं नाव आहेच, पण त्या एका ओळीत काही मावत नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांसमोर.

वडील गेल्यावर त्यांची खोली आवरायला आलेली मुलगी, एवढीच गोष्ट. पहिला रफ कट, म्हणजे शॉट्सची कच्ची जोडणी, घेऊन आलो तेव्हा त्यात १४ क्लोजअप होते. ती डोळे पुसतेय, ओठ आवळतेय, हुंदका गिळतेय. तुम्ही शेवटपर्यंत पाहिलंत आणि विचारलंत, "ती रडतेय हे कळलं. खोली कधी दिसणार?"

मग तिचा एक चार सेकंदांचा शॉट उचललात, ज्यात ती नुसती बघतेय. त्याच्याआधी वडिलांच्या चष्म्याचा शॉट लावलात. मला दुःख दिसलं. तो काढून कपाटाच्या किल्ल्यांचा शॉट लावलात; त्याच चेहऱ्यावर हाव दिसली. दिग्दर्शक लेव कुलेशोव यांनी शंभरेक वर्षांपूर्वी रशियात हेच करून दाखवलं होतं: नटाचा तोच निर्विकार चेहरा, शेजारी कधी सूपची थाळी, कधी शवपेटी. मी ते वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. स्वतःच्या फुटेजमध्ये घडताना पाहिलं तेव्हा मात्र अंगावर काटा आला.

लो अँगल (कॅमेरा खालून) म्हणजे दरारा, हाय अँगल (कॅमेरा वरून) म्हणजे दुबळेपणा, असं कोष्टक माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. रीशूटच्या वेळी तुम्ही कॅमेरा खाली घ्यायला लावलात, वडिलांच्या रिकाम्या खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोळे जिथे येतील तिथे. ३५ मिमीची लेन्स, ट्रायपॉड, काहीही हलवायचं नाही. मुलगी समोर उभी, आपण खालून तिच्याकडे बघतोय, आणि तिच्यात दरारा कुठेच नाही. वडील बघतायत असं वाटतं. संवादाची एक ओळही लागली नाही.

चौदातला एकही क्लोजअप उरला नाही. नवा एकच घेतला, तोही चेहऱ्याचा नाही. ती पदराने चष्म्याची काच पुसायला घेते, काचेवर बोटाचा ठसा दिसतो, आणि तिचा अंगठा तिथेच थांबतो. पुसत नाही. आधीचे सगळे शॉट दुरून घेतलेत म्हणूनच हा एवढा जवळ येतो, हे मला एडिटवर बसल्यावर उमगलं.

शेवटी रिकामी खुर्ची. मी तिसऱ्या सेकंदाला कट मारणार होतो. तुम्ही माझा हात कीबोर्डवरून बाजूला केलात. सहाव्या सेकंदाला खिडकीचा पडदा किंचित हलतो. शूटच्या दिवशी तो आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आला नव्हता. नऊ सेकंद ठेवलेत, ताई.

एवढा वेळ, एवढ्या मायेने, एका नवख्यासाठी दिलात. मनापासून आभार.

नवी संहिता लिहून होत आलीय. दोन भाऊ, एक टेबल. कॅमेरा कुणाच्या बाजूला बसवायचा ते अजून ठरत नाहीये. रफ कट झाला की घेऊन येऊ का?

तुमचा,
शेवटच्या खुर्चीवर बसून वहीत सगळं उतरवून घेणारा