मुलाच्या हाती पहिला रेझर देताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नागपूरच्या महाल भागात बडकस चौकाजवळच्या गल्लीत माझं दाढी-कटिंगचं दुकान होतं. वडिलांच्या मागे मी ते एकेचाळीस वर्षं चालवलं. गुडघे उभं राहू देईनात, म्हणून तीन वर्षांपूर्वी बंद केलं. आता हे पत्र लिहितो आहे ते घरी दाढी करणाऱ्यांसाठी, आणि त्यातही ज्यांच्या घरात सोळा-सतरा वर्षांचा मुलगा आहे त्यांच्यासाठी.

या दिवाळीत धाकट्या मुलीचा मुलगा पुण्याहून आला. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, होस्टेलला राहतो. जेवायला समोर बसला तेव्हा माझं लक्ष त्याच्या गळ्याकडे गेलं. हनुवटीखाली सगळीकडे लाल पुरळ, दोन ठिकाणी पू धरलेला. विचारलं तर म्हणाला, "आबा, पाच ब्लेडचं महागातलं आहे, तरी असं काहून होते समजत नाही." त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. गल्लीतल्या तीन पिढ्यांच्या दाढ्या मी केल्या, आणि माझ्याच नातवाला दाढी कशी करायची ते कोणी शिकवलं नव्हतं. त्याच्या बापाला वाटलं, मोबाईलवर पाहून शिकेल. मला वाटलं, बाप शिकवेल.

सायकल आपण मागे धावून शिकवतो. पोहायला अंबाझरीच्या टँकवर घेऊन जातो. आणि धारेचं हत्यार मात्र पोराच्या हाती देऊन न्हाणीचं दार लावून घेतो. ओठांवर लव दिसायला लागली की मुलगा आपणच लाजतो, बापही बोलत नाही. मग तो दुकानात जाऊन ब्लेडची संख्या मोजून रेझर निवडतो, कारण जाहिरातीत तेवढंच सांगितलेलं असतं.

रेझरच्या एका डोक्यात बरीच ब्लेडं असली की काय होतं ते मी गिऱ्हाइकांच्या गळ्यांवर पाहिलं आहे. पुढचं ब्लेड केसाला धरून थोडं वर ओढतं, मागचं तो कापतं, आणि कापलेला केस परत आत सरकतो. टोक कातडीच्या खाली जातं. ज्याची दाढी राठ किंवा कुरळी, त्याचा केस वाढताना बाहेर यायच्या ऐवजी आतच वळतो आणि तिथे फोड येतो. सगळ्यांना हा त्रास होत नाही. ज्यांना ते मानवतं त्यांनी खुशाल वापरावं. पण ज्याच्या गळ्यावर दर दाढीनंतर पुरळ येतं त्याने एकदा एका ब्लेडचा जुना सेफ्टी रेझर हातात घेऊन पाहावा, असं माझं कळकळीचं सांगणं आहे.

नातवाला मी दुसऱ्या दिवशी सकाळी घेऊन बसलो. आधी उस्तरा दाखवला, माझ्या वडिलांचा. सिल्लीवर, म्हणजे धारेच्या दगडावर लावायचा, मग चामड्याच्या पट्ट्यावर पलटून पलटून फिरवायचा. त्याची अख्खी धार उघडी असते, म्हणून तो शिकायला वर्षं लागतात. सेफ्टी रेझरमधल्या 'सेफ्टी' शब्दाचा अर्थ एवढाच की ब्लेड वरची टोपी आणि खालची पट्टी यांच्यामध्ये दाबलेलं असतं आणि धारेची फक्त बारीक कड बाहेर राहते. किंग कँप जिलेट या अमेरिकन फिरत्या विक्रेत्याच्या मनात पातळ, वापरून टाकून द्यायच्या ब्लेडची कल्पना आली, तेव्हा इतक्या पातळ पोलादाला धार बसणारच नाही असं जाणकारांनी त्याला सांगितलं होतं. विल्यम निकरसन या इंजिनिअरने ते जमवून दिलं. १९०३ साली, विक्रीच्या पहिल्या वर्षी, ५१ रेझर आणि १६८ ब्लेडं खपली. १९०४ मध्ये पेटंट मिळालं. आजही दोन धारांचं ब्लेड त्याच मापाच्या घराण्यातलं आहे, कोणत्याही कंपनीचं ब्लेड कोणत्याही कंपनीच्या दांडीत बसतं. एकदा दांडी घेतली की गिऱ्हाईक कोणा एकाचं बांधील राहत नाही.

आता रेझर कसा निवडायचा. इतवारीत आणि सीताबर्डीवर प्लास्टिकच्या दांडीचे हलके रेझर मिळतात. ते शिकणाऱ्याला देऊ नयेत. हलक्या रेझरला हात आपोआप जोर लावतो, आणि या हत्यारात कापतं ते जोरानेच. पितळेचा किंवा स्टीलचा, हातात वजन जाणवेल असा घ्यावा, म्हणजे तो स्वतःच्या भाराने खाली उतरतो आणि हाताला फक्त दिशा द्यावी लागते. दांडीवर बारीक चौकड्यांची खरबरीत पकड हवी, ओल्या साबणाच्या हातातून गुळगुळीत दांडी सटकते. धारेखालची पट्टी सरळ असलेला घ्यावा. कंगव्यासारखे दात असलेला रेझर आठ दिवसांच्या दाढीला चांगला, नवख्याच्या गालाला नाही. दांडी पिळली की वर दोन दारं उघडतात तो प्रकार दिसायला छान, पण बोअरच्या पाण्याचा पांढरा थर त्या सांध्यांत बसतो आणि काही महिन्यांनी दारं नीट मिटत नाहीत. दार मिटलं नाही की ब्लेड हलतं. म्हणून टोपी, पट्टी आणि दांडी असे तीन सुटे तुकडे होणारा साधा रेझर मला सगळ्यांत बरा वाटतो. बिघडायला त्यात काही नाही.

पाण्याचं निघालं म्हणून सांगतो. नवीन वस्त्यांमध्ये फ्लॅटला बोअरचं पाणी असतं, ते जड असतं, साबणाला फेस धरत नाही. लोक साबण बदलत बसतात. कॉर्पोरेशनच्या नळाचं किंवा पिण्याचं एक वाटी पाणी घेऊन ब्रश त्यात भिजवा आणि फरक पाहा. उन्हाळ्यात आपल्याकडे दहा वाजता गच्चीवरच्या टाकीचं पाणीच कढत येतं, वेगळं तापवायची गरज नाही. थंडीत मात्र आंघोळ झाल्यावरच दाढीला बसावं. कोरडा केस तारेसारखा असतो, दोन-तीन मिनिटं कोमट पाणी प्यायला की मऊ होतो आणि निम्म्या कष्टात कापला जातो. माझ्या दुकानात लोक म्हणायचे, "लवकर करा भाऊ, ऑफिस आहे." मी ब्रश फिरवण्याचा वेळ कधी कमी केला नाही, हात चालवण्याचा वेळ कमी केला.

आता मुख्य गोष्ट. रेझर लावायच्या आधी कोरड्या गालावर बोटं फिरवायची. ज्या दिशेला बोट गुळगुळीत सरकतं तो केसाचा कल. गालावर तो बहुतेक वरून खाली असतो. गळ्यावर तसा नियम नाही. माझ्या नातवाचा डाव्या बाजूचा केस खालून वर आणि उजव्या बाजूचा आडवा, कानाकडे जाणारा निघाला. तो मात्र दोन्हीकडे खालून वर रेझर ओढत होता. म्हणजे एका बाजूला सुलटा हात आणि दुसऱ्या बाजूला आडवा, वरून दाब आणि पाच ब्लेडं. पुरळ उजवीकडे जास्त का आहे, ते त्याला स्वतःच्या बोटांनी कळलं. एका कागदावर त्याच्याकडूनच गळ्याचं चित्र काढून त्यावर बाण करवून घेतले. तो कागद तो पुण्याला घेऊन गेला आहे.

मग कोन. टोपी गालावर टेकवायची, दांडी आडवी, गालापासून सरळ बाहेर निघालेली. धार अजून लागत नाही. आता दांडी हळूहळू खाली आणायची. ज्या क्षणी धार केसाला लागल्याचा बारीक करकर आवाज येतो तिथे थांबायचं. धार आणि कातडी यांच्यात साधारण तीस अंश होतात. तो कोन मनगटाने धरून ठेवायचा आणि बोटभर लांबीचे छोटे छोटे हात मारायचे. दुसऱ्या हाताने कातडी ताणून धरायची. हनुवटीवर रेझर वळवू नये, हनुवटी वळवावी. कानावर विश्वास ठेवा. नीट कोनात चाललेला रेझर बोलतो, आवाज बंद झाला की कोन चुकला.

पहिला हात कलाने, म्हणजे सुलटा. मग तोंड धुवायचं, पुन्हा फेस लावायचा आणि हवा असल्यास आडवा हात. उलटा हात पहिले दोन महिने मारूच नये. गाल काचेसारखा झाला पाहिजे हा हट्ट दुकानात खुर्चीवर बसणाऱ्यांचाही असतो, आणि बहुतेक कापणं त्या हट्टातूनच होतं. फेस नसलेल्या जागी एकही हात नाही. पिकलेल्या मुरमावरून रेझर नेऊ नये, त्याच्या कडेकडेने जावं. जे रक्त पातळ करायच्या गोळ्या घेतात त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. शेवटी गार पाणी, ओली तुरटी, आणि मिनिटभराने पुन्हा गार पाणी. तुरटी जिथे चुरचुरते तिथे आपला हात जड पडला, हे ती आपल्याला सांगत असते.

ब्लेड तीन ते पाच दाढ्या चालतं. ओढायला लागलं की टाकावं. फडक्याने पुसू नये, धारही जाते आणि बोटही. नुसतं झटकावं. आमच्या गल्लीतल्या दुकानात पाच ब्लेडचं पाकीट वीस-पंचवीस रुपयांना मिळतं. नातू त्या पाच ब्लेडच्या रेझरचं जे एकेक डोकं विकत घेत होता, त्या एका डोक्याच्या किमतीत त्याची काही महिन्यांची ब्लेडं आली. होस्टेलच्या मुलांसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची. रेझर मित्राला देऊ नका, मित्राचा घेऊ नका. हिपॅटायटिस बीचे विषाणू शरीराबाहेर सात दिवस तग धरू शकतात, आणि वाळलेला रक्ताचा ठिपका डोळ्यांना दिसतही नाही. एड्सची माहिती लोकांपर्यंत पोचली त्या काळात आम्ही अख्खा उस्तरा बाजूला ठेवून दर गिऱ्हाइकाला नवीन अर्धं ब्लेड लावायला लागलो, ते याच कारणाने. जी काळजी न्हावी परक्या माणसासाठी घेतो ती घरच्यांनी एकमेकांसाठी घ्यावी. बाप-लेकांचा एक रेझर ही पद्धत आता बंद व्हावी.

वापरलेल्या ब्लेडबद्दल सांगितल्याशिवाय हे पत्र मला पाठवता येणार नाही. पोळ्याच्या सुमारास कचरागाडीवरच्या मुलाने आमच्या गल्लीतली एक पिशवी उचलली आणि त्याचा अंगठा मुळापासून चिरला गेला. माझ्याच पायरीवर येऊन बसला. मी हात नळाखाली धरला, धुतलेलं फडकं दाबून धरलं. तुरटी लावली नाही, खोल जखमेला तुरटी लावायची नसते. मग त्याला धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी दवाखान्यात नेलं, चार टाके पडले. "काका, आठ दिवस गाडीवर नाही जाता येणार," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. पिशवीत भाजीच्या सालांमध्ये अर्धं गंजलेलं ब्लेड होतं. कोणाच्या घरचं ते कळायला मार्ग नव्हता. गाडीवर कोणाच्या हाताला लागलं नाही तर ते भांडेवाडीच्या कचरा डेपोला जातं, आणि तिथेही कचरा हातांनी निवडणारी माणसं आहेत.

यावरचा उपाय आमच्या प्रत्येक दुकानात पूर्वीपासून होता. झाकणाला चीर पाडलेला पत्र्याचा डबा. पावडरीचा किंवा तुपाचा रिकामा डबा घ्या, झाकण चिकटवून टाका, छिन्नीने ब्लेड आत जाईल एवढी चीर पाडा. ब्लेड एक दशांश मिलिमीटर जाड असतं. आठवड्याला एक ब्लेड वापरणाऱ्याच्या वर्षभराच्या बावन्न ब्लेडांची चळत अर्ध्या सेंटीमीटरहून जेमतेम जास्त होते. लहान डबाही वर्षानुवर्षं पुरेल. २०१६ च्या घनकचरा नियमांत घरगुती घातक कचरा वेगळा द्यायला सांगितलं होतं आणि वापरलेल्या सुया त्यात धरल्या होत्या. ब्लेडही आपण त्याच नजरेने पाहायला हवं. माझी महापालिकेला विनंती आहे की प्रत्येक कचरागाडीला असा एक कुलूपबंद लोखंडी डबा बाहेरून लावावा, ज्यात लोक स्वतःच्या हाताने ब्लेड आणि सुया टाकतील. आणि माझ्या व्यवसायबंधूंना विनंती आहे की दुकानातला डबा गल्लीसाठी खुला ठेवा, आणि दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा शेजारच्या मुलाला अर्धा तास समोर बसवून गळ्यावरचे बाण काढून द्या. त्याने आपलं गिऱ्हाईक कमी होत नाही. कटिंगला तो आपल्याकडेच येतो.

नातवाच्या बॅगेत मी रेझर, तुरटी आणि दुधाच्या पावडरीचा एक छोटा डबा ठेवला. ब्लेडं ट्रेनने गेला म्हणून सोबत देता आली, विमानात हातातल्या बॅगेत ती चालत नाहीत. डब्यावर त्याने स्वतः मार्करने 'ब्लेड, उघडू नये' असं मराठी आणि हिंदी दोन्हीत लिहिलं आहे. भरला की चीर टेपने बंद करून घरी आणायचा, असं ठरलं आहे. आमच्या ओळखीचा कबाडी पत्र्यासकट घेतो.

आपला,
एक निवृत्त केशकर्तनकार
महाल, नागपूर