मुलांचे दोन्ही डोळे वेगवेगळे तपासा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मोबाइलमुळे लहान वयात चष्मे लागत असल्याची चिंता आपल्या वृत्तपत्रातील पत्रांतून वरचेवर व्यक्त होते. ती रास्तच आहे. जवळचे काम वाढले आणि उघड्यावरचा खेळ कमी झाला की लघुदृष्टी, म्हणजे लांबचे अंधुक दिसणे, वाढीस लागते; मुले रोज दोनेक तास बाहेरच्या उजेडात राहिली तर तिला बऱ्याच अंशी आळा बसतो. परंतु या एकाच चर्चेच्या गदारोळात, मोबाइलशी काडीचाही संबंध नसलेला आणि वेळ निघून गेल्यावर सहसा भरून न येणारा एक दोष मागे पडतो. नेत्रतज्ज्ञ त्याला ‘आळशी डोळा’ म्हणतात.

एका डोळ्याचा नंबर दुसऱ्यापेक्षा बराच जास्त असेल, एक डोळा तिरळा असेल किंवा जन्मतःच मोतीबिंदू असेल, तर त्या डोळ्याकडून येणारे अस्पष्ट चित्र मेंदू हळूहळू बाजूला सारतो आणि चांगल्या डोळ्यावरच सगळे काम भागवतो. मेंदूची ही घडण मुख्यत्वे वयाच्या सात-आठ वर्षांपर्यंत होते. त्यानंतर उपचारांचा मुळीच उपयोग होत नाही असे नाही, पण यश कमी आणि कष्ट जास्त. अडचण अशी की असे मूल कधी तक्रारच करत नाही. लघुदृष्टीचे मूल डोळे बारीक करते, टीव्हीजवळ सरकते, फळ्यावरचे शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेते. बाईंच्या ते लक्षात येतेच. एक डोळा कमजोर असलेले मूल मात्र एसटीची पाटी वाचते, चेंडू झेलते, धडाही वाचून दाखवते, आणि घरचे म्हणतात, “त्याला सगळं दिसतं.”

मी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते आणि नेत्रतपासणीच्या दिवशी तक्त्याजवळ उभे राहण्याचे काम बहुधा माझ्याकडेच येई. वीस फुटांवर उभ्या असलेल्या मुलाने तक्त्यावरील इंग्रजी E सारख्या चिन्हाचे दाते कोणत्या दिशेला आहेत ते बोटांनी दाखवायचे असते. मुलाला स्वतःच्या तळहाताने डोळा झाकायला सांगितले की बोटांच्या फटीतून बघणे आलेच, किंवा मान अशी तिरकी होते की झाकलेला डोळा कधी मोकळा झाला ते कळत नाही. फसवण्याचा हेतू नसतो. दिसत नसेल तर दिसणाऱ्या बाजूने बघावे, इतकाच तो सरळ हिशेब असतो. म्हणून डोळा दुसऱ्या कोणीतरी, पुठ्ठ्याने, नीट झाकला पाहिजे. तीन-चार वर्षांच्या मुलाबाबत हे घरीही करून पाहता येते. एक डोळा झाकल्यावर मूल खुशाल खेळत राहते आणि दुसरा झाकताच हात ढकलते, रडकुंडीला येते, तर त्या मुलाला नेत्रतज्ज्ञांकडे नेण्यात दिरंगाई करू नये. अर्थात मूल निमूट बसले म्हणून तपासणी टाळावी असा याचा अर्थ नव्हे.

तिरळेपणा भाग्याचा असतो किंवा वाढत्या वयात तो आपोआप जातो, ही समजूत शिकल्या-सवरलेल्या घरांतही भेटते. पहिल्या काही महिन्यांत बाळाची नजर अधूनमधून इकडेतिकडे होऊ शकते. चार महिन्यांनंतरही ती वळत असेल तर तपासणी हवीच. बुबुळाच्या मध्यभागी पांढरी झाक दिसली, फोटोत एका डोळ्यात पांढरा ठिपका दिसला, तर तातडीने दवाखाना गाठावा. क्वचित ती डोळ्यातील कर्करोगाची खूण असते. आईवडिलांपैकी कोणाला लहानपणापासून मोठा नंबर किंवा तिरळेपणा असेल, अथवा एका भावंडात हा दोष सापडला असेल, तर बाकीच्या मुलांना लक्षणांची वाट न पाहता दाखवावे. आजीची चाळिशी हरवली तर घरभर शोधाशोध होते, पण नातवाच्या डोळ्यांकडे त्याच घरात कोणी एकदाही पाहिलेले नसते.

मुलांचा नंबर केवळ दुकानातल्या यंत्रावर काढू नये. लहानांच्या डोळ्यांची जुळवून घेण्याची शक्ती इतकी असते की खरा नंबर लपतो. त्यासाठी ही शक्ती तात्पुरती सैल करणारे थेंब किंवा मलम घालूनच तपासावे लागते. चष्मा लावल्याने नंबर वाढतो, हा समज तर सोडूनच द्यावा. आळशी डोळ्याला चष्मा लावताच लगेच स्पष्ट दिसेल असेही नाही. बहुधा चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावून कमजोर डोळ्याला कामाला लावावे लागते, आणि हे महिनोन्‌महिने चालते. नेमके येथेच पालक कंटाळतात.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ 2013 मध्ये आपल्याच राज्यात, पालघर येथे झाला. त्यानुसार आरोग्य पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी करायची असते. योजना चांगली आहे. तिच्या अंमलबजावणीत तीन गोष्टी कटाक्षाने व्हाव्यात, अशी माझी विनंती आहे. पहिलीत प्रवेश घेणाऱ्या प्रत्येक मुलाच्या नोंदीत ‘दृष्टी ठीक’ असा एकच शेरा न लिहिता उजव्या व डाव्या डोळ्याची दृष्टी वेगवेगळी लिहावी. पुढील तपासणीची चिठ्ठी दप्तरात कोंबून न देता पालकांना बोलावून हाती द्यावी आणि ते गेले की नाही याची महिन्याभरात विचारपूस व्हावी, कारण तालुक्याला जाणे म्हणजे कित्येकांचा एक दिवसाचा रोजगार बुडणे असते. आणि पट्टी लावलेल्या मुलाची माहिती वर्गशिक्षकांना मिळावी. ‘ढापण्या’, ‘काणा’ अशा हाका ऐकून मुले पट्टी काढून खिशात ठेवतात; वर्गात कोणी लक्ष ठेवणारे असेल, तर ती निदान शाळेच्या वेळेत जागेवर राहते.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, सातारा जिल्हा