आइनस्टाइन आठवीतच शिकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

औंढा नागनाथजवळ 'लिगो इंडिया'ची वेधशाळा होणार, त्यासाठी २०२३ मध्ये केंद्राने २६०० कोटी रुपये मंजूर केले, हे आमच्या हिंगोली जिल्ह्यात पोराटोरांनाही ठाऊक आहे. पण तिथे मोजणार काय, असं विचारलं की वर्ग गप्प. दहावीच्या विज्ञान भाग १ मधला पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा. परीक्षेच्या धास्तीने आम्ही शिक्षक तो न्यूटनच्या सूत्रावर आणि उदाहरणांवर उरकतो. आइनस्टाइन 'पुढे कॉलेजात'. मला हे अजिबात पटत नाही. आठवीच्या मुलांनाही तो समजतो, मात्र त्यांच्या हातात सामान द्यावं लागतं.

प्लॅस्टिकच्या बाटलीला तळाशी छिद्र पाडा, बोट दाबून पाणी भरा. झाकण लावू नका. बोट काढलं की धार लागते. आता ती गच्चीवरून सोडून द्या, खाली मुलं उभी करा. पडताना धार थांबते! मुलांना खरं वाटत नाही, धावत जाऊन पुन्हा बाटली भरून आणतात. पाणी आणि बाटली बरोबरीने पडतात, त्यामुळे पाण्याला छिद्रातून ढकलणारा दाबच उरत नाही. पडणाऱ्या माणसाला स्वतःचं वजन जाणवत नाही, हे आइनस्टाइनला १९०७ मध्ये सुचलं आणि १९१५ चा व्यापक सापेक्षता सिद्धांत त्याच वाटेने आला.

जड वस्तूभोवती अवकाशच वक्र होतं, असं हा सिद्धांत सांगतो. ते दाखवायला मग ताणलेलं लायक्राचं कापड घ्यावं. मधोमध गोळाफेकीचा गोळा ठेवून गोट्या सोडल्या की त्या गोळ्याभोवती फिरू लागतात. आमच्या वर्गातल्या एका मुलीने विचारलं, "सर, कापड खाली दबलंय, पण आकाशात 'खाली' कुठंय?" प्रश्न अगदी बरोबर आहे. कापड दबतं ते पृथ्वीच्याच ओढीने, म्हणून हे निव्वळ रूपक, आणि ते मुलांना स्पष्ट सांगायलाच हवं. वक्रता खरी पटते ती फुटबॉलवर खडूने त्रिकोण काढल्यावर: कोनांची बेरीज १८० अंशांच्या वर जाते.

एवढं झालं की चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा औंढ्यात कशासाठी, हे सांगायला सोपं जातं. दूरवर दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली की गुरुत्वीय लहरी निघतात, त्यांनी अवकाशच किंचित ताणलं-आकसलं जातं आणि भुजांच्या लांबीत फरक पडतो; तोच तिथे मोजायचा. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लिगोने पहिल्यांदा टिपलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाहूनही कितीतरी लहान होता.

केंद्रप्रमुखांना विनंती, की येत्या शिक्षण परिषदेतला अर्धा तास या प्रयोगांना द्यावा. सामान घेऊन मी स्वखर्चाने येईन.

– एक विज्ञान शिक्षक, जि. हिंगोली